बॉनेट उघडं आहे तोवर

आबा, गाडीचं बॉनेट उघडं टाकून मी ओट्यावर बसलेय. इंजिन वाळतंय. तुम्ही असता तर म्हणाला असतात, वाळतंय तर वाळू दे की, तू टक लावून बघितलंस म्हणून लवकर वाळणार हाय का? पण मला बसवत नाही. मगापासून उठतेय, वाकून बघतेय, बोटानं चाचपतेय, परत येऊन बसतेय. घरातून ह्यांनी विचारलं, काय हरवलंय का. मी म्हटलं, काही नाही. मग आत जाऊन लेकीच्या जुन्या वहीतली कोरी पानं फाडून आणली आणि लिहायला बसले. हाताला धुण्याच्या पाण्याचा वास येतोय, लिंबासारखा. रॉकेल आता कुणाकडं मिळत नाही, दुकानातून बाटली आणावी लागते इंजिन धुवायची. तुम्ही नाक मुरडलं असतंत. इंजिनाला कशाला लिंबू, त्याला काय आंघोळ घालून लग्नाला न्यायचंय, असंच काहीतरी म्हणाला असतात.

उद्या पहाटे लेकीला घेऊन पुण्याला जायचंय. तिथून पुढं ती विमानानं बंगळूरला जाणार, नोकरीला. एकुलती एक आहे, जशी मी तुमची होते. गाडी मीच चालवणार. ह्यांना गाडी चालवता येत नाही, ह्यांना फक्त शेजारच्या सीटवर बसून पायानं हवेतला ब्रेक दाबता येतो. आणि उद्या एवढ्या लांब जायचं असताना मी आज इंजिन धुवायला काढलं. आजच. लेक म्हणाली, "आई, आजच कशाला गं?" मी म्हटलं, आत धूळ फार झालीय, तेलाचा थर बसलाय. खोटं नव्हतं ते. धूळ होती, थरही होता. पण तो थर गेल्या दिवाळीपासून आहे आणि आजपर्यंत मला तो कधी टोचला नव्हता.

म्हणून तुम्हाला लिहितेय. कारण असंच एकदा तुम्ही धुतलं होतंत. दुसऱ्या दिवशी मला पुण्याला मुलाखतीला जायचं होतं, तुम्हीच सोडणार होतात, आणि सकाळी गाडी चालू झाली नाही. माझी मुलाखत हुकली. त्या दिवसापासून मी तुमच्याशी मनातल्या मनात भांडतेय, आबा. तुम्ही हयात असताना भांडले, तुम्ही गेल्यावर भांडले, आणि आज बॉनेट उघडून उभी राहिले तेव्हा तर तोंडानं बडबडत होते. मला एवढंच पाहिजे. तुम्ही चुकलात, की मुद्दाम केलंत? बाकी काही नको.

आपली ती फियाट. इंदापूरच्या एका डॉक्टरांनी नवी गाडी घेतली म्हणून जुनी तुमच्याकडं आली. आपल्या पिंपळीत तेव्हा ट्रॅक्टर होते, जीप होत्या, पण भाजीवाल्या माळ्याच्या दारात मोटार हे जरा जास्तच होतं. लोक हसायचे. आणि हसावं असंच होतं, कारण तुम्ही तिच्या डिकीत मेथीच्या जुड्या भरून बारामतीच्या मंडईला न्यायचात. मागच्या सीटवर गोणपाट टाकून फ्लॉवर. गाडीला कायम कोथिंबिरीचा वास. डॉक्टरांनी एकदा रस्त्यात तिला त्या अवस्थेत बघितलं आणि काच खाली करून नमस्कार केला, तुम्हाला नव्हे, गाडीला. ते तुम्हीच घरी येऊन सांगितलंत आणि हसता हसता तुम्हाला ठसका लागला.

पण इंजिनाच्या बाबतीत हसणं नाही. तिथं तुम्ही वेगळेच माणूस. शेतातली माती, मेथीची पानं, तेलाचे ओघळ, सगळं त्या बॉनेटखाली साठायचं आणि महिन्या-दोन महिन्यांनी तुम्ही ते साफ करायला काढायचात. मी कॉलेजला होते, बारामतीला, रसायनशास्त्र घेऊन. सुट्टीच्या दिवशी तुम्ही हाक मारायचात आणि मी हातातलं टाकून यायचे, कारण मला गाडी चालवायला शिकायचं होतं आणि तुमची अट होती, आधी बॉनेट, मग स्टेअरिंग. आई म्हणायची, पोरीला भाकरी शिकवायची सोडून हे काय चाललंय. तुम्ही म्हणायचात, भाकरी तू शिकव की, मी कुठं नको म्हणतोय.

पहिल्यांदा मी काय केलं आठवतंय? तुम्ही मंडईतून नुकतेच आलेले. मला वाटलं आपण आधीच सुरुवात करून ठेवावी, शाबासकी मिळेल. बॉनेट उघडून तांब्याभर गार पाणी मी तापलेल्या इंजिनावर ओतलं. चर्र झालं, वाफ आली, मी मागं सरकले. तुम्ही पायही न धुता धावत आलात. मला वाटलं आता कानाखाली बसते. मारलं नाहीत. पण असं बोललात की मारलेलं बरं. "तापल्या तव्यावर पाणी मारून तवा फोडतंय का कुणी? आईला बघितलं न्हाईस कधी? बीएस्सी करतीयास न्हवं तू?" ते बीएस्सी तुम्ही असं उच्चारलंत की पुढं आठवडाभर मी पुस्तक उघडलं नाही. नंतर लक्षात आलं, लोखंड अचानक गार पडलं की तडकतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण पुस्तकातलं लोखंड आणि दारातली फियाट एकच, हे डोक्यात शिरलं नव्हतं.

मग तुम्ही शिकवलंत. गाडी सावलीत लावायची, कडुलिंबाखाली, आणि हात ठेवून चटका बसेनासा झाला की मगच सुरुवात. आधी बॅटरीची काळी तार काढायची, काळीच आधी, आणि परत जोडताना लाल आधी. ओढणी खोचायची, बांगड्या काढायच्या. कोरड्या ब्रशनं पाला-कचरा झाडायचा. मग पाण्याची ज्याला भीती आहे ते सगळं झाकायचं: प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर, कॉइल, कार्बोरेटर, डायनामो. झाकायला तुमच्याकडं दुधाच्या धुतलेल्या पिशव्या असायच्या, सायकलच्या ट्यूबचे रबर कापून तुम्ही त्या घट्ट बांधायचात. तेलकट जागी रॉकेल अगदी थोडं, चिंधीला लावून. त्या वेळी आसपास कुणी बिडी पेटवली तर तुम्ही पाहुणा असला तरी उठवायचात. मग निरमाचं पाणी आणि ब्रश. आणि शेवटी पाणी मारायचं ते पाईपनं नाही, फवारणीच्या पंपानं. औषध कधी न घातलेला एक पंप तुम्ही खास त्यासाठी ठेवला होता. कोबीवर मारावा तसा हलका फवारा. "इंजिनाला पाणी दाखवायचं, पाजायचं न्हाय." मग पुसायचं, पिशव्या सोडायच्या, बॉनेट उघडं ठेवायचं, आणि सगळं कोरडं दिसलं की गाडी चालू करून थोडा वेळ तशीच ठेवायची. म्हणजे आत राहिलेला ओलावा तिच्या तिच्या उष्णतेनं जातो. हे शेवटचं तुम्ही कधीच चुकवत नव्हतात. हे शेवटचं लक्षात ठेवा आबा, माझं सगळं भांडण त्यावर आहे.

शेवटच्या वर्षाचा निकाल लागला आणि पुण्याला एका औषधाच्या कंपनीत प्रयोगशाळेसाठी मुली पाहिजेत असं आमच्या बाईंनी सांगितलं. मी अर्ज टाकला. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही वांगी निवडत होतात. किडकी बाजूला टाकलीत. मग म्हणालात, भवानीनगरला कारखान्यात पण लॅब असती की. मी म्हटलं, आबा, तिथं उसाचा रस तपासतात, इथं औषधं बनवतात. तुम्ही म्हणालात, रस काय वाईट असतो का. आई हसली. मी चिडले. तुम्हीही चिडला होतात पण दाखवलं नाहीत, तुमचा राग नाकावर असायचा एरवी, त्या दिवशी तो कुठं ठेवलात कुणास ठाऊक. मुलाखतीचं बोलावणं आलं, तारीख नेमकी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची. मी एसटीनं जाते म्हटलं तर तुम्हीच म्हणालात, गाडी असताना एसटीनं कशाला, मी सोडतो. तुम्हीच म्हणालात. म्हणजे सोडायची इच्छा होती. की नव्हती आणि म्हणून म्हणालात? हे बघा, मी परत सुरू झाले.

आता परत उठून बघून आले. बॅटरीखालच्या पत्र्यावर अजून थोडं पाणी आहे. चिंधी लावली.

दसऱ्याच्या सकाळी आपली सगळी आळी विहिरीवर. मोटर चालू, जाड पाईप सोडलेला, धाकट्या चुलत्यांचा ट्रॅक्टर, कुणाच्या मोटारसायकली, नांगर, कोयते, विळे, सगळं धुऊन काढणं चाललेलं. पोरं त्या पाण्यात नाचत होती. तुम्ही फियाट तिथं नेलीत. मी ओढणी खोचून मागोमाग आले, पिशव्या घेऊन, तर तुम्ही मला परत पाठवलंत. "जा तू. रॉकेलचा वास लागंल हाताला. उद्या मुलाखत हाय, तिथं काय रॉकेलचा वास घिऊन बसणार हाईस?" मला केवढं बरं वाटलं तेव्हा. आबांना माझी काळजी. मी घरात जाऊन झेंडूच्या माळा ओवत बसले, आई पुरण वाटत होती. मधे एकदा दारातून डोकावले तर तुम्ही पाईप धरून उभे होतात. पाईप, आबा. पंप नाही. बॉनेट उघडं होतं की लावलेलं, ते मला लांबून दिसलं नाही. इतक्या वर्षांत मी तो क्षण इतक्यांदा बघितलाय की आता बॉनेट कधी उघडं दिसतं, कधी बंद. माझ्यावर माझाच विश्वास नाही.

मग पूजा तिथंच, विहिरीपाशी झाली. बॉनेटवर हळदीकुंकू, पुढं नारळ, चाकाखाली लिंबू, आरशाला माळ. आणि आपल्या घरची रीत अशी की दसऱ्याला पूजेला बसलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही. विळा नाही, खुरपं नाही, गाडी नाही. म्हणजे धुतल्यावर गाडी चालू करून ठेवायची, आतला ओलावा घालवायचा, हे जे तुम्ही कधीच चुकवत नव्हतात, ते त्या दिवशी चुकलं. चुकलं म्हणजे रीतीनं अडवलं. गाडी बॉनेट लावून, माळ घालून, आतल्या पाण्यासकट रात्रभर उभी. मी कितीतरी वेळा स्वतःला हेच समजावलंय. आबांनी काही केलं नाही, दसऱ्यानं केलं. आणि लगेच दुसरं मन म्हणतं, रीत तर त्यांना आधीच माहीत होती. गाडी दिवसभर चालू करता येणार नाही हे माहीत असताना इंजिन धुवायचंच कशाला? वरून पुसली असती, टायर धुतले असते, देवाला काय बॉनेट उघडून बघायचं असतं?

पहाटे मी साडी नेसून तयार. पांढऱ्या काठाची, आईनं कडक इस्त्री करून आणलेली. तुम्ही चावी फिरवलीत. इंजिन घुमलं, घुमलं, आणि पेटलंच नाही. परत फिरवलीत. तेच. तुम्ही उतरून डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलंत, आत घाम आल्यासारखं पाणी. "काल धुताना गेलं बघ आत," असं म्हणालात आणि झाकण घेऊन स्वयंपाकघरात गेलात. मी मागोमाग. आईची चूल पेटलेली, ती मला वाटेत खायला भाकरी करत होती. तुम्ही झाकण चुलीच्या कडेला धरून बसलात, उलटं, सुलटं, परत उलटं. पावसाळ्यात एकदा मंडईतून येताना असंच झालं होतं तेव्हा तुम्ही रस्त्यातच धोतराच्या सोग्यानं पुसून झाकण बसवलं होतंत आणि चहा होईपर्यंत घरी होतात. त्या दिवशी मात्र झाकण वाळता वाळेना. मग तुम्ही प्लग काढायला घेतलेत, एकेक पुसलात, फुंकलात. मग पॉइंट घासलेत. मी दारात उभी राहून म्हणत होते, आबा मी एसटीनं जाते. तुम्ही मान वर न करता म्हणत होतात, थांब, झालंच. थोड्या वेळानं परत, झालंच. बारामतीहून पुण्याची सकाळची थेट एसटी तेवढ्यात निघून गेली असणार, हे मला कळत होतं, तुम्हाला कळत होतं.

आणि तेव्हा आई तव्यावरची भाकरी उलटत, तुमच्याकडं न बघता म्हणाली, "कोंबडं झाकून ठिवलं म्हणून उजाडायचं राहतंय व्हय?"

तुमचा हात थांबला, आबा. मी बघितलं. भाकरी फुगली तशी आईनं काढली. मी साडीचा घोळ हातात धरून फाट्यावर पळाले. तिथून एका दुधाच्या टेम्पोत बारामती, मग जी मिळाली ती एसटी, ती पाटसला बंद पडली, मग दुसरी. पुण्यात उतरून कंपनीच्या दारात पोचले तर पहारेकरी म्हणाला, मुलाखती कधीच झाल्या बाई, साहेब पण गेले. पाणी पाहिजे का म्हणाला. मी पाणी प्यायले आणि परत फिरले. एसटीत खिडकीपाशी बसून रडले ते मुलाखत गेली म्हणून नाही. आईचं ते वाक्य कानातून जात नव्हतं.

संध्याकाळी घरी आले तर तुम्ही अंगणात बसलेले. गाडी चालू झालेली होती, दुपारी कधीतरी. तुम्ही मला बघून उठलात आणि म्हणालात, "चुकलं माझं." एवढंच. मी आत निघून गेले. आबा, मी जन्मल्यापासून तुमच्या तोंडून ते दोन शब्द ऐकले नव्हते. आजोबांशी बांधावरून भांडलात, चुलत्यांशी पाण्याच्या पाळीवरून भांडलात, आईशी तर रोजच, आणि प्रत्येक वेळी बरोबर तुम्हीच होतात. चुकलेलं असलं तरी बरोबर होतात. त्या दिवशी मी काही विचारायच्या आतच कबूल झालात. तुम्ही आकांडतांडव केलं असतंत, दसऱ्याला, एसटीला, पुण्याला शिव्या घातल्या असत्यात, तर माझ्या मनात शंकासुद्धा आली नसती. त्या दोन शब्दांनी मला इतकी वर्षं छळलंय.

नंतर गाडीच्या डिकीत दुधाच्या पिशव्या सापडल्या. कोरड्या, घडी घातलेल्या. म्हणजे बांधल्याच नव्हत्या. किंवा बांधल्या, सोडल्या, आणि दिवसभराच्या उन्हात वाळल्या. दोन्ही होऊ शकतं. मी शाळेत मुलांना शिकवते की एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये. मुलं वहीत लिहून घेतात. मला कुठं पाळता येतंय.

दिवाळीच्या पाडव्याला आईनं तुम्हाला ओवाळलं, मग मी ओवाळायला बसले. दरवर्षी तुम्ही ताटात काहीतरी टाकायचात, बांगड्या, एकदा घड्याळ. त्या वर्षी फियाटची चावी टाकलीत. ताटात सुपारीला लागून खणकन वाजली. आईनं तुमच्याकडं बघितलं, तुम्ही देव्हाऱ्याकडं बघत होतात. दुसऱ्या दिवसापासून मला कॅनॉलच्या रस्त्यावर शिकवायला लागलात. पणदऱ्यापर्यंत जायचं आणि यायचं. समोरून उसाची बैलगाडी आली की माझी बोबडी वळायची आणि तुम्ही बाजूला बसून एकही शब्द न बोलता काचेतून बाहेर बघायचात. एरवी म्हशीला रस्ता दाखवतानाही ओरडणारा माणूस. मला ते शिकणं आवडत होतं, खूप आवडत होतं, आणि रोज वाटायचं, हे मला दिलंय की हे देऊन माझं तोंड बंद केलंय? चावी घेतली तर विचारायचं कसं? मी चावी घेतली. विचारलं नाही.

पुण्याचं पुढं जमलं नाही. बी.एड. केलं, इंदापूरला शाळा मिळाली, लग्नही इंदापूरलाच. तुम्ही आठवड्याला भाजी घेऊन यायचात, भाजी निमित्त. ह्यांच्या स्कूटरचा प्लग काढून साफ करायचात, जावई लाजायचे. मी सुखात होते आबा, आहे. हे ऐकून ठेवा, नाहीतर तुम्हाला वाटेल पोरगी रडगाणं घेऊन बसलीय. शाळा आवडली, माणूस चांगला मिळाला, लेक गुणाची निघाली. औषधाच्या कंपनीत गेले असते तर काय सोन्याचे दिवे लावले असते? तक्रार आयुष्याची नाही. ते माझं मी निवडलं, की तुम्ही पाईप धरून निवडलंत, एवढंच कळलं नाही. आणि मी विचारायचा धीर करेपर्यंत तुम्ही गेलात, वाफ्यात पाणी धरता धरता, कुणाला हाकही न मारता. तुम्हाला तर सगळ्याचीच घाई. नंतर आईला विचारलं, त्या सकाळी तू असं का म्हणालीस. ती म्हणाली, "म्हण हाय ती, आली तोंडात." आणि लसूण सोलायला लागली. आता तीही नाही.

सगळं वाळलंय बहुतेक. पिशव्या सोडून आले. आताच्या गाडीत डिस्ट्रिब्युटरच नसतो, तुम्हाला पटलं नसतं. त्याच्या जागी डबे आहेत, काळे, बारीक तारांचे झुपके निघालेले, फ्यूजची पेटी आहे. पण पाण्याची भीती तीच, म्हणून मी तुमच्यासारखंच केलं. इंजिन गार होऊ दिलं, काळी तार आधी काढली. आता तर ती काढायलाच हवी, कारण गाडी बंद असली तरी पंखा आपोआप फिरायला लागतो म्हणे. सगळं झाकलं, बांधलं, हलका फवारा मारला. फ्यूजच्या पेटीवर पिशवी बांधताना लेक शेजारी येऊन उभी राहिली. म्हणाली, "उद्या गाडीनं काही गडबड केली तर मी टॅक्सी बोलवीन हं, पहाटे मिळते आता. तू टेन्शन घेऊ नकोस." किती सहज म्हणाली. मला फाट्यावर पळावं लागलं होतं, हिला फोनवर बोट ठेवायचंय. मी म्हटलं, गाडी काही गडबड करणार नाही, मी धुतलीय. तर हसून म्हणाली, "म्हणूनच म्हणते." आणि वर गेली, बॅग भरायला. तिच्या खोलीतून कपाटाचे खण उघडल्याचे आवाज येतायत. एकेक खण उघडला की माझं पेन थांबतं. तुमचा हात असाच थांबत होता का, मी इस्त्रीची साडी घडी घालून ठेवत होते तेव्हा? मी अर्जाचं सांगितलं तेव्हा तुम्ही वांगी निवडत होतात, तोंडावर काही नव्हतं. तुम्ही सांगायला पाहिजे होतं. "जाऊ नकोस" म्हणायला काय झालं होतं? मी गेलेच असते, पण म्हणायचं तरी. आणि मी तरी कुठं म्हणतेय हिला. आज दिवसभर मी हिला, इस्त्री झाली का, चार्जर घेतला का, दही घेऊन जा, ह्याच्यापलीकडं एक शब्द बोललेले नाही, आणि अंगणात येऊन बॉनेट उघडलंय.

थांबा. चालू करून बघते.

बघितली. लाल तार जोडली, काळी जोडली, चावी फिरवली, आणि पहिल्याच झटक्याला चालू झाली. अजून चालूच ठेवलीय, तुम्ही ठेवायचात तशी, आवाज तुम्हाला आवडेल असा लागलाय. लेक वरून खिडकीतून ओरडली, झाली ना? मी मान हलवली. हे बाहेर येऊन म्हणाले, उगाच जीव टांगणीला लावून बसली होतीस सकाळपासून. आबा, हे पत्र मी कुठं पाठवणार नाही, घरात कुणाला दाखवणार नाही, म्हणूनच तुम्हाला सांगते. पिशव्या मी सगळ्या नीट बांधल्या होत्या. एक थेंब आत जाऊ दिला नव्हता. तरी चावी फिरवताना मी मनातल्या मनात गाडीला म्हणत होते, नको चालू होऊस.